जिवाचा हिशेब

‘हिशेब’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की तो बाहेरून आपल्याकडे आला आहे ह्याची आठवणही कोणास होत नाही. वाण्याच्या, दूधवाल्याच्या, घरातील गृहिणीच्या, सर्वांच्या तोंडी तो आहे. अरबीतून फारसीचे बोट धरून तो मराठीत आला आणि येथलाच होऊन राहिला. त्याचे एक सख्खे भावंड मात्र हिब्रू भाषेत आहे. त्याचे नाव ‘हेश्बोन’. अरबी व हिब्रू ह्या एकाच कुळातील भाषा असल्यामुळे दोन्ही शब्दांचे मूळ एकच. यहुदी धर्मपरंपरेत ‘हेश्बोन हानेफेश’ अशी एक जुनी संज्ञा आहे. ‘नेफेश’ म्हणजे आत्मा, असे सामान्यतः सांगण्यात येते. परंतु आपल्या उपनिषदांतील आत्म्याला भूक नाही व थकवाही नाही. हिब्रू ‘नेफेश’ भुकेने व्याकूळ होतो, तहानेने कासावीस होतो, एखाद्या माणसाशी जडतोही. मराठीत त्याला नेमका शब्द ‘जीव’ हाच होय. तेव्हा ह्या संज्ञेचे भाषांतर ‘आत्मपरीक्षण’ असे भारदस्त न करता ‘जिवाचा हिशेब’ असे साधेच करावे, असे मला वाटते.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. परीक्षण आणि हिशेब ह्यांत मोठा भेद आहे. माझा धंदाच परीक्षकाचा असल्याने परीक्षणाचे स्वरूप मी जवळून पाहिले आहे. परीक्षक उंच जागी बसतो, गुण देतो, उत्तीर्ण अथवा अनुत्तीर्ण असा शेरा मारतो आणि उत्तरपत्रिका बाजूला ठेवतो. हिशेबात असा शेरा नसतो. तेथे कोणाचे किती देणे निघाले, कोणाकडून किती येणे आहे, एवढेच असते. आणि देणे निघाले तर ते फेडल्यावाचून सुटका नसते. यहुदी धर्मज्ञांनी रोजच्या अंतर्मुखतेला ‘हिशेब’ हे नाव दिले त्यात त्यांची सगळी दृष्टी प्रकट झाली आहे.

ह्या दृष्टीचा उगम शोधू गेल्यास तालमूदमधील एका विलक्षण वादापाशी जावे लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास हिल्लेल व शम्माई ह्या दोन आचार्यांच्या नावाने दोन संप्रदाय प्रसिद्ध होते. मनुष्य जन्मास आला हे बरे झाले, की तो न जन्मता तरच बरे झाले असते, ह्या प्रश्नावर त्या दोन संप्रदायांत अडीच वर्षे वाद चालला होता, असे तालमूद सांगते. अखेर मते मोजण्यात आली. निर्णय असा झाला की न जन्मणेच अधिक बरे होते. परंतु ज्याअर्थी मनुष्य जन्मास आलाच आहे, त्याअर्थी त्याने आपली कृत्ये तपासून पाहावी. येथे एक पाठभेदही नोंदविलेला आहे. एका पाठात क्रियापद आहे ते झाडा घेण्याचे. दुसऱ्या पाठात आहे ते हाताने चाचपून पाहण्याचे. भाष्यकारांनी ह्यावरून एक सुंदर भेद काढला आहे. घडून गेलेल्या कृत्यांचा झाडा घ्यावयाचा, आणि जी अद्याप घडावयाची आहेत ती, अंधारात पाऊल टाकण्यापूर्वी भिंत चाचपावी तशी चाचपून पाहावयाची.

मला ह्या वादाचे नवल वाटते ते अशासाठी की, जीवनाविरुद्ध निकाल देऊनही ते आचार्य खिन्न होऊन बसले नाहीत. संसार सोडा, अरण्यात जा, असे त्यांनी म्हटले नाही. वादात हार झाली तरी दुकान चालूच ठेवावयाचे, फक्त वही नीट ठेवावयाची, असा तो व्यवहारी निर्णय आहे.

पुढे अकराव्या शतकात स्पेनमधील सारागोसा येथे बाह्या इब्न पाकुदा नावाचा एक धर्मपंडित होऊन गेला. अंतःकरणाच्या कर्तव्यांवर त्याने अरबीत एक ग्रंथ लिहिला. ग्रंथाचे दहा विभाग असून त्यांस त्याने ‘द्वारे’ म्हटले आहे. त्यांपैकी आठवे द्वार सर्वस्वी ह्या हिशेबाचे असून मनुष्याने स्वतःशी कोणकोणत्या तीस प्रकारांनी हिशेब करावा ते त्यात सांगितले आहे. इटलीतील पादुआ येथे जन्मलेल्या मोशे हाइम लुत्सातो ह्याने १७४० साली ॲमस्टरडॅम येथे आपला नीतिमार्गावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात तो उपमा देतो ती व्यापाऱ्याचीच. मोठा व्यापारी ज्याप्रमाणे आपल्या उलाढालींचा सतत अंदाज घेत असतो, त्याप्रमाणे मनुष्याने त्यासाठी रोजची ठरावीक वेळ राखून ठेवावी, असे त्याचे म्हणणे आहे.

ही उपमा मला परकी वाटली नाही, ह्याचे कारण माझे बालपण भुसारी दुकानाच्या मागील खोलीत गेले. आम्ही वडिलांना अण्णा म्हणत असू. रात्री दुकानाच्या फळ्या लागल्यानंतर अण्णा कंदिलाजवळ रोजमेळ घेऊन बसत. मेळ बसल्याखेरीज ते पानावर बसत नसत. दोन आण्यांचा फरक राहिला, तर ते पदरचे दोन आणे गल्ल्यात टाकून मोकळे होत नसत. फरक कोठे पडला तो शोधून काढीत. रोजमेळातील रकमा मागाहून खतावणीत उतरवावयाच्या. ती खतावणी मी लहानपणी पुष्कळदा चाळली आहे. तिच्यातील जवळजवळ प्रत्येक पान दुसऱ्या कोणाच्या तरी नावाचे असे. ज्या माणसाची ती वही, त्याचे नाव वहीत शोधूनही क्वचितच सापडावयाचे. ह्या गोष्टीचा अर्थ मला फार उशिरा कळला.

इंग्रजी शिकलेल्या आमच्या पिढीस स्वतःच्या सुधारणेची वही म्हटली की बेंजामिन फ्रँकलिनच आठवावयाचा. त्याच्या आत्मचरित्रातील तो भाग प्रसिद्ध आहे. त्याने तेरा सद्गुण निवडले, दर आठवड्यास एक ह्याप्रमाणे ते हाती घेतले, आणि वर्षाच्या बावन्न आठवड्यांत अशी चार आवर्तने बसविली. आठवड्याच्या सात वारांचे सात स्तंभ आणि तेरा गुणांच्या तेरा ओळी आखून जेथे चूक होई तेथे तो काळा ठिपका देई. ठिपके खोडून खोडून कागदाला भोके पडू लागली, तेव्हा त्याने हस्तिदंती पाने घेतली. त्यांवरील शिसपेन्सिलीचे ठिपके ओल्या स्पंजाने पुसता येत. हे सर्व मी वर्गात अनेक वर्षे शिकविले. परंतु हीच पद्धत अटलांटिक ओलांडून पूर्व युरोपातील यहुदी वस्त्यांपर्यंत पोहोचली होती, हे मला पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते.

ती तेथे नेणारा मेनाहेम मेंडेल लेफिन (१७४९–१८२६) हा पोडोलिया प्रांतातील सातानोव्ह गावचा. तारुण्यात तो बर्लिनला जाऊन मोझेस मेंडेल्सझोनच्या मंडळीत वावरला होता. १८०८ साली लेंबर्ग येथे, म्हणजे आज युक्रेनमध्ये असलेल्या लविव शहरात, त्याने ‘हेश्बोन हानेफेश’ ह्याच नावाचा ग्रंथ छापला. तेरा गुण, तेरा आठवडे, आखलेली कोष्टके, सारे फ्रँकलिनप्रमाणेच. पण यादी ताडून पाहता भेद दिसू लागतो. फ्रँकलिनचा आरंभ मिताहारापासून. लेफिनचा आरंभ मनाच्या स्वस्थतेपासून. फ्रँकलिनच्या यादीत नम्रता अगदी शेवटी आहे, आणि तीही एका मित्राने ‘लोक तुला गर्विष्ठ समजतात’ असे सुचविल्यावर जोडलेली. लेफिनच्या यादीत ती मध्यावर, सहावी आहे. आणि लेफिनचा दुसराच गुण फ्रँकलिनच्या यादीत मुळीच नाही. तो गुण ‘सावलानुत’, म्हणजे सोशिकपणा.

हिब्रूत ह्या शब्दाचे गोत्र ओझे वाहण्याशी आहे. त्याच धातूपासून हमालासाठी ‘सब्बाल’ असा शब्द झाला आहे. म्हणजे सोसणे हे निमूट गिळून बसणे नव्हे. समोरच्याचा भार थोडा वेळ आपल्या डोक्यावर घेणे म्हणजे सोसणे.

कुतूहलापोटी मीही तेरा आठवड्यांची एक वही आखली. सोशिकपणाचा आठवडा आला तेव्हा अण्णा पंच्याऐंशी वर्षांचे होते व त्यांची स्मृती मावळत चालली होती. दिवेलागण झाली की ते अस्वस्थ होत आणि विचारीत, “अरे, आजचा मेळ बसला का?” दुकान बंद होऊन वीस वर्षे लोटली होती. मी म्हणे, “बसला, अण्णा.” त्यांचा चेहरा निवळे. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न येई. त्या आठवड्यात वहीत टिपावयाचे म्हणून मी प्रश्न मोजू लागलो. एका संध्याकाळी आकडा सतरावर गेला. तो लिहीत असताना माझ्या ध्यानात आले की ही सतरा केवळ माझीच आहेत. अण्णांनी सतरा वेळा काही विचारले नव्हते. त्यांच्या लेखी प्रत्येक खेप पहिलीच होती, प्रत्येक वेळची काळजी ताजी होती आणि प्रत्येक वेळचा दिलासाही ताजा होता. मोजदाद मी करीत होतो. म्हणून ओझेही मलाच वाटत होते. दुसऱ्या दिवसापासून मी मोजणे सोडले आणि उत्तर मात्र नीट, त्यांच्याकडे पाहून देऊ लागलो. पुढे दीड वर्षाने ते गेले. त्या दीड वर्षातील संध्याकाळी मला जड गेल्या नाहीत, ह्याचे श्रेय मी माझ्या स्वभावास देत नाही; त्या आखलेल्या पानास देतो.

लेफिनचे पुस्तक कदाचित विस्मृतीतच गेले असते. ते वर काढले लिथुएनियातील रब्बी इस्राएल सालांतेर ह्याने. हा तालमूदचा असामान्य पंडित १८८३ साली कोनिग्सबर्ग येथे वारला. १८४५ च्या सुमारास त्याच्या प्रेरणेने हे पुस्तक व्हिल्ना येथे पुन्हा छापले गेले. धर्मग्रंथांच्या अध्ययनात निष्णात असलेले लोकही रागीट, कंजूष अथवा अप्रामाणिक असू शकतात, हे त्याने पाहिले होते. संपूर्ण तालमूद शिकणे सोपे, पण स्वभावातील एक खोड मोडणे कठीण, अशा आशयाचे त्याचे म्हणणे सांगितले जाते. मनुष्याच्या अंतरंगात स्वच्छ दिसणाऱ्या शक्तींप्रमाणेच अंधारातील शक्तीही असतात आणि ऐन प्रसंगी त्याच त्याला ओढून नेतात, असे त्याने लिहून ठेवले. हे फ्रॉइडने लेखणी हाती धरण्यापूर्वीचे. त्यावर उपाय म्हणून त्याने शहरात एक स्वतंत्र घर काढविले. दिवस मावळताना व्यापारी व कारागीर तेथे येत, नीतिग्रंथ गुणगुणत्या सुरात मोठ्याने वाचीत आणि स्वतःशी हिशेब करीत. बुद्धीला पटलेली गोष्ट हृदयापर्यंत उतरावयाची तर ती सुरावर, पुनःपुन्हा म्हटली पाहिजे, ही त्याची खूण हरिपाठाच्या देशात निराळी समजावून सांगावयास नको. ह्या चळवळीस ‘मुसार’ असे नाव पडले. मुसार म्हणजे शिकवण, वळण, शिस्त.

सालांतेरविषयी ज्या आख्यायिका सांगतात त्या लक्षात घेण्याजोग्या आहेत. वल्हांडणाच्या सणासाठी बेखमीर भाकरी भाजण्याचे नियम फार कडक असतात. एकदा शिष्यांनी विचारले, भट्टीवर देखरेख करताना कोणत्या गोष्टीस विशेष जपावे? तो म्हणाला, पीठ मळणारी बाई विधवा आहे. तिच्यावर कोणी ओरडू नये ह्यास जपा. दुसऱ्या एका प्रसंगी जेवणापूर्वी हात धुताना त्याने अगदी थोडे पाणी घेतले. कोणी कारण विचारले तेव्हा त्याने खांद्यावर कावड घेऊन पाणी वाहणाऱ्या मोलकरणीकडे बोट दाखविले. दुसऱ्याच्या खांद्यावर आपले पुण्य करू नये, असा त्याचा भाव. ह्या कथा अक्षरशः घडल्या असतील वा नसतील. पण सालांतेरच्या वहीत कोणाची खाती होती ते त्यांवरून कळते.

आमच्या महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या एका मित्राशी ह्या विषयावर माझा पुष्कळ वाद झाला. त्याचे म्हणणे असे की, जो मनुष्य रोज आरशात जीभ पाहतो त्याला आज ना उद्या रोग सापडतोच. रोजचा हा हिशेब म्हणजे अहंकाराचेच सोवळे रूप होय. पूर्वी मी माझ्या गुणांकडे पाहत होतो, आता दोषांकडे पाहतो, पण पाहतो मात्र माझ्याकडेच! हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मुसार चळवळीच्या इतिहासातच त्याला आधार सापडतो. तिच्या नोव्हारदोक येथील शाखेत अहंकार ठेचण्यासाठी विद्यार्थ्यांना मुद्दाम हास्यास्पद व्हावयास लावीत. औषधाच्या दुकानात जाऊन खिळे मागावयाचे आणि लोकांची थट्टा सहन करावयाची. उलट स्लोबोद्का येथील शाळेचे धुरीण नातान त्स्वी फिंकेल ह्यांनी दोषांपेक्षा मनुष्याच्या थोरवीवर भर दिला. आपण कोणत्या योग्यतेचे आहो हे ज्याला उमगले, तो हलके कृत्य करावयास आपोआपच कचरतो, अशी त्यांची विचारसरणी होती. म्हणजे माझ्या मित्राचा आक्षेप त्या लोकांनी आपसांत फार पूर्वीच मांडला होता.

तरीही ह्या आक्षेपाचे पुरते उत्तर मला ग्रंथांत मिळाले नाही. ते एका माणसापाशी मिळाले. मी नोकरीस नवीन होतो तेव्हा आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक वयस्कर बेने इस्राएल गृहस्थ काम करीत. त्यांचे घराणे मूळचे अलिबागकडचे. कोकणातील हे मराठी बोलणारे यहुदी शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले जात. जगातील इतर यहुद्यांपासून ते कित्येक शतके तुटलेले होते. तरी सुंता, शब्बाथ आणि ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी सोडली नव्हती. त्यांनी आपल्या सणांना मराठी नावे दिली होती. यहुदी वर्षारंभ तो ‘नव्याचा सण’. आणि त्यानंतर दहाव्या दिवशी येणारा, उपवासाचा व प्रायश्चित्ताचा योम किप्पूर तो ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण. त्या दिवशी जगाकडे पाठ करून, पांढरी वस्त्रे लेवून, दाराआड बसावयाचे.

त्या सणाच्या आदल्या आठवड्यात हे गृहस्थ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, “सर, स्नेहसंमेलनाच्या वेळी खुर्च्यांवरून मी तुम्हांला जरा तोडून बोललो होतो. त्याची माफी मागावयास आलो आहे.” मला तो प्रसंग मुळीच आठवेना. तसे मी म्हटले. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “तुम्हांला आठवत नसेल. माझ्याकडे मांडलेले आहे.” मी क्षमा केल्याचे स्पष्ट शब्दांत म्हटले, तेव्हाच ते गेले, जाताना पुढच्या टेबलापाशी थांबले.

त्यांच्या ह्या वागण्यामागील नियम मला पुढे मिश्नेत वाचावयास मिळाला. मनुष्य आणि ईश्वर ह्यांच्यामधील पातकांचे क्षालन योम किप्पूरने होते. परंतु मनुष्य आणि मनुष्य ह्यांच्यामधील पातकांचे क्षालन, दुखावलेल्या माणसाची समजूत घातल्यावाचून होत नाही. ईश्वरसुद्धा दुसऱ्याच्या वतीने माफी देत नाही. पहिल्या खेपेस क्षमा मिळाली नाही, तर तीन वेळा जावे, असेही सांगितले आहे. म्हणजे दारे लावून घेण्यापूर्वी लोकांच्या दारी जाऊन यावे लागते. आणि रोजच्या रात्रीसाठी ह्याचाच लहानसा पाठ आहे. झोपण्यापूर्वी ‘शेमा’ म्हणण्याची यहुद्यांची चाल आहे. त्याआधी, दिवसभरात ज्यांनी ज्यांनी आपल्याला दुखविले त्या सर्वांना आपण क्षमा केली, असे म्हणावे, असा पाठ पुष्कळ प्रार्थनापुस्तकांत सापडतो. येणे सोडून द्यावयाचे आणि देणे मात्र लिहून ठेवावयाचे! कोणत्याही दुकानाचे असल्या हिशेबाने दिवाळे निघावयाचे. जिवाचे मात्र निघत नाही.

माझ्या मित्रास मी हेच उत्तर दिले. जो स्वतःच्या दोषांचा विचार करीत बसतो तो स्वतःकडेच पाहतो हे खरे. परंतु जो हिशेब लिहितो त्याला पानावर दुसऱ्याचे नाव लिहावेच लागते. आरशाच्या पलीकडे कोणी नसते. वहीच्या पलीकडे धनको उभा असतो. माझ्या तेरा आठवड्यांच्या वहीत माझ्या स्वभावाचे म्हणावे असे चित्र काही उमटले नाही. उमटली ती नावे: लहानपणच्या एका शिक्षकांचे, अण्णांची अखेरपर्यंत शुश्रूषा करणाऱ्या बाईंचे, परगावच्या एका विद्यार्थ्याचे. त्यांतील काहींना पत्र लिहावयाचे होते, काहींना भेटावयाचे होते. ते केल्यावर ती पाने मिटली. ह्याला आत्मोन्नती म्हणावे की काय ते मी जाणत नाही. पण ज्या दिवशी असे एक पान मिटते, त्या रात्री झोप चांगली लागते. मित्राला हे पटले नाही. मात्र ‘दारफाळणी’ हा शब्द त्याने टिपून घेतला.

व्हिल्ना, स्लोबोद्का, केल्म ही ज्या लिथुएनियातील गावे-शहरे, तेथील यहुदी समाज १९४१ पासूनच्या नाझी संहारात जवळजवळ समूळ नष्ट झाला. माणसे गेली व त्यांच्या शाळाही गेल्या. ही परंपरा जगली ती इस्राएलात व अमेरिकेत जाऊन पोहोचलेल्या शिष्यांमुळे. आज तेथे केवळ धर्मशाळांतच नव्हे, तर सामान्य संसारी स्त्रीपुरुषांच्या लहान लहान मंडळांतूनही तेरा गुणांची कोष्टके पुन्हा आखली जातात. बेने इस्राएलांपैकीही पुष्कळ कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलात गेली. मुंबई, ठाणे व रायगड येथे थोडी उरली आहेत.

ज्या समाजावर असा प्रसंग गुदरला, त्याने ‘न जन्मणेच बरे’ ह्या जुन्या निकालावर पुन्हा शिक्कामोर्तब केले असते, तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. पण त्याने निकालाचा उत्तरार्धच उचलून धरला. जगाचा हिशेब लागत नाही. तो लावणे माणसाच्या हाती नाही. एका दिवसाचा, एका माणसापुरता हिशेब मात्र लावता येतो, आणि त्यासाठी फार मोठे साहित्य लागत नाही. एक आखलेले पान, एक शिसपेन्सिल, आणि सकाळी उठून ज्याचे देणे निघाले असेल त्याच्या दारी जाण्याची तयारी, एवढे पुरते.